चांदरचा राजा देवराज

गोव्याचा इतिहास कुठून सुरू होतो, असे कुणालाही विचारा. उत्तर येते 1510, आल्बुकेर्क. थोडा जाणकार असला तर कदंबांपर्यंत मागे जातो. त्यांच्याही आधी पाचसहाशे वर्षे इथे राजे नांदत होते, हे मला स्वतःला कॉलेज संपेपर्यंत ठाऊक नव्हते.

ते भोज. राजधानी चंद्रपूर, म्हणजे आपले सासष्टीतले चांदर. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात भोजांचे नाव येते, विदर्भातले भोज तर काव्यांतूनही भेटतात. आपले भोज त्यांचीच शाखा की नुसते नाव सारखे, यावर पंडितांनी वाद घालावा.

मला भुरळ पडली ती एका ताम्रपटाची. तो फोंडा तालुक्यातल्या शिरोड्याला सापडला. चंद्रपुराहून देवराज नावाच्या राजाने ब्राह्मणांना दान दिल्याचे त्यात कोरलेले आहे. शक-संवत काही नाही, फक्त आपल्या राज्याचे वर्ष. म्हणून काळ ठरवायचा तो अक्षरांच्या वळणावरून. तज्ज्ञ साधारण चौथे शतक म्हणतात.

आणि या अक्षरांनीच एक गंमत केली. ताम्रपट पहिल्यांदा छापला गेला तेव्हा राजाच्या कुळाचे नाव ‘गोमिन्’ असे वाचले गेले. झाले! ‘गोमिन्’ नावाचे राजघराणेच जन्माला आले. पुढे दुसऱ्या अभ्यासकाने तीच अक्षरे पुन्हा नीट तपासली आणि सांगितले, अहो, हे ‘भोज’ आहे. एका शब्दाचे वाचन बदलले, आणि एक घराणे पुसले जाऊन दुसरे उभे राहिले. चंद्रपूरच्या राजाची सगळी मदार अशी दोनतीन अक्षरांवर!

नंतर आणखी ताम्रपट मिळाले. बांदोड्याला पृथ्वीमल्लवर्मन् भोजाचे, तिथेच अनिर्जितवर्मन् या कोकणच्या मौर्य राजाचेही. चंद्रवर्मन् भोजाने शिवपूरच्या महाविहाराला जमीन दिली, म्हणजे बौद्ध भिक्षूही इथे होते. लढाया, राण्या, कारस्थाने यांतले काही हाती लागत नाही. राहिली ती दानपत्रे. कुणाला किती जमीन दिली एवढेच तांब्यावर टिकले. आपल्याकडे अजून जमिनीच्या कागदांवरूनच भावाभावांचे तंटे चालतात, तेव्हा नवल वाटायला नको म्हणा!

1929 मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले फादर हेरास चांदरला आले. त्यांनी खणून काढला तो विटांच्या शिवमंदिराचा पाया. तिथलाच मस्तक नसलेला नंदी अजून उघड्यावर बसलेला आहे.

चांदरला पर्यटक येतात ते ब्रागांझांचा वाडा बघायला. वाडा बघण्यासारखाच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण तिथून नंदीकडे फारसे कुणी वळत नाही. मीही पहिल्या खेपेला वाट चुकलो होतो. ओसरीवर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंना विचारले, “मांय, कोट खंय आसा?” मनात होते की कुठेतरी तटबंदी दिसेल, बुरूज दिसेल.

बाईंनी हात गोल फिरवून घरे, माड, कुंपण सगळे दाखवले आणि हसून म्हणाल्या, “होच न्हय कोट, पुता!”