कूतच्या वेढ्यांतील मराठे व ऑस्ट्रेलियन

ऑस्ट्रेलियाच्या वैमानिक दलाची प्रत्यक्ष लढाईंत उतरलेली पहिली तुकडी इ. स. १९१५ सालीं मेसोपोटेमियांत आली, ती हिंदी सैन्याच्या मदतीस. त्या सैन्याच्या ६ व्या पुणें डिव्हिजनमध्यें १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या आणि त्यांत कोकणी मराठ्यांची भरती होई.

डिसेंबर १९१५ मध्यें हें सैन्य कूत येथें वेढलें गेलें. अन्न संपत आलें तेव्हां विमानांतून धान्य टाकण्यांत आलें, पण हजारों तोंडांस तें पुरेना. २९ एप्रिल १९१६ रोजीं सैन्य शरण गेलें. कैद झालेल्या नऊ ऑस्ट्रेलियन कारागिरांपैकीं दोघेच जगले. मृतांचीं नांवें कॅनबेरा येथील युद्धस्मारकावर आहेत. उलटपक्षीं बसरा येथील स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांचीं नांवें कोरलीं गेलीं, शिपायांची मात्र पलटणवार संख्याच.

इ. स. १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यांत असलेल्या ओरोस-मालवणच्या टापूंत आम्हीं सनदा व महजर शोधीत आलों. जेथें दगडावर आंकडाच आहे, तेथें नांव कागदावरच सांपडावयाचें. यास्तव संग्राहकांनीं शिपायांचीं टपालकार्डें व पेन्शनचे दाखले हींही अस्सल साधनें मानून जपावींत, अशी आमची विनंति आहे.