एच-इंडेक्स म्हणजे काय? गुगल स्कॉलरवर संशोधकाचे आकडे कसे वाचायचे?

पीएचडीसाठी गाइड शोधताना किंवा एखाद्या प्राध्यापकांबद्दल माहिती काढताना बरेच जण आधी गुगल स्कॉलर उघडतात. तिथे प्रोफाइलवर तीन आकडे दिसतात: सायटेशन्स, एच-इंडेक्स आणि आय-१०-इंडेक्स. हे आकडे नक्की काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, ते बायोकेमिस्ट्रीतल्या एका खऱ्या उदाहरणावरून बघूया.

तीन आकड्यांचा अर्थ

सायटेशन म्हणजे दुसऱ्या कुणीतरी आपल्या पेपरमध्ये या पेपरचा दिलेला संदर्भ.

एच-इंडेक्सची कल्पना भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये मांडली. समजा, एकाचे पाच पेपर आहेत आणि त्यांना अनुक्रमे ५०, २०, ६, ४ आणि १ सायटेशन आहे. यातल्या चार पेपरना प्रत्येकी किमान ४ सायटेशन्स आहेत, म्हणून एच-इंडेक्स ४.

आय-१०-इंडेक्स सोपा आहे: १० किंवा जास्त सायटेशन्स असलेले पेपर किती? वरच्या उदाहरणात २.

३ लाख सायटेशन्सचा पेपर

ऑलिव्हर लाउरी हे अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीतले बायोकेमिस्ट. १९५१ मध्ये त्यांनी तीन सहकाऱ्यांसोबत, द्रावणात प्रोटीन किती आहे हे मोजायची पद्धत प्रसिद्ध केली. आधी अल्कलीत तांब्याचा क्षार मिसळायचा, मग फोलिन रीएजंट घालायचं. द्रावण निळं होतं, आणि प्रोटीन जितकं जास्त तितका रंग गडद.

२०१४ मध्ये 'नेचर'ने सर्वाधिक सायटेशन्सच्या १०० पेपरची यादी दिली, तेव्हा हा पेपर पहिला होता: ३,०५,१४८ सायटेशन्स! दुसऱ्या आणि तिसऱ्या नंबरवरही प्रोटीनवर काम करायच्या पद्धतीच होत्या: लेम्ली (१९७०) आणि ब्रॅडफर्ड (१९७६). आणि डीएनएची दुहेरी सर्पिल रचना सांगणारा वॉटसन-क्रिक यांचा १९५३ चा पेपर? तो पहिल्या १०० मध्येसुद्धा नव्हता.

असं का? मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला हे लायब्ररीसारखं वाटतं. तारीख फॉरमॅट करणारी छोटीशी लायब्ररी हजारो ॲप्समध्ये असते, पण म्हणून ती सगळ्यात भारी कोड ठरत नाही. तसंच, प्रोटीन मोजणाऱ्या असंख्य लॅब लाउरींचा संदर्भ देतात. उलट मोठे शोध काही वर्षांत पाठ्यपुस्तकात जातात, मग त्यांचा वेगळा संदर्भ कोण देणार?

म्हणजे सायटेशन 'वापर किती झाला' हे सांगतं, 'शोध किती मोठा' हे नाही. आणि गंमत बघा: एखाद्याने आयुष्यात फक्त हा एकच पेपर लिहिला असता, तर ३ लाख सायटेशन्स असूनही त्याचा एच-इंडेक्स १ राहिला असता.

प्रोफाइल बघताना हे तपासा

१. वय: एच-इंडेक्स कधी कमी होत नाही. त्यामुळे तीस वर्षं काम केलेल्यांची तुलना नवीन संशोधकाशी करू नका. प्रोफाइलवर अलीकडच्या वर्षांचा वेगळा कॉलम असतो, तो बघा.

२. विषय: बायोकेमिस्ट्रीत पेपर आणि संदर्भ दोन्ही भरपूर, गणितात कमी. दोन विषयांचे आकडे शेजारी ठेवून उपयोग नाही.

३. नावांचा क्रम: बायोकेमिस्ट्रीत सहसा पहिलं नाव प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं आणि शेवटचं लॅबप्रमुखाचं असतं. गाइडच्या विद्यार्थ्यांची नावं पहिली येतात का, हे नक्की बघा.

४. स्वतःचेच संदर्भ: गुगल स्कॉलर ते वगळत नाही. सायटेशनच्या आकड्यावर टॅप केलं की कोणी संदर्भ दिलाय ते दिसतं.

५. नावसाधर्म्य: पेपर आपोआप जोडायचा पर्याय चालू असेल, तर त्याच नावाच्या दुसऱ्या व्यक्तीचे पेपरही प्रोफाइलमध्ये घुसतात.

मग गाइड कसा निवडायचा?

आकडे फक्त पहिली चाळणी म्हणून वापरा. नंतर यादी वर्षानुसार लावून अलीकडचे दोन-तीन पेपर उघडा, निदान सारांश तरी वाचा. तिथल्या आत्ताच्या विद्यार्थ्यांशी बोला. पुढची चार-पाच वर्षं तुम्हाला त्या माणसासोबत काढायची आहेत, त्यांच्या एच-इंडेक्ससोबत नाही.