पिशवीवरची तिसरी ओळ

मागच्या महिन्यात मावशीच्या ऑपरेशनसाठी वळसंगहून सोलापूरला गेलो होतो. माझं काम एकच, रक्तपेढीतून पिशवी आणायची. काउंटरवर उभ्या उभ्या लेबल वाचलं: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस, मलेरिया... सगळं निगेटिव्ह. (दिवसभर लॉग वाचणाऱ्याला दुसरं काय सुचणार!) पण या ओळी एकदम आलेल्या नाहीत. शनिवारी शोधत बसलो आणि पोचलो थेट पुण्यात.

1980 च्या दशकात तिथे पैशासाठी प्लाझ्मा विकणारे लोक होते. रक्त काढायचं, पिवळसर प्लाझ्मा ठेवून घ्यायचा, लाल पेशी दात्याला परत चढवायच्या. पेशी परत मिळतात, त्यामुळे माणूस थोड्याच दिवसांत पुन्हा विकायला येऊ शकतो. गोम आहे ती या परत चढवण्यात. सुई, नळी, सलाईन, काहीही सामायिक झालं की एकाचा विषाणू सगळ्यांना.

1989 साली एनआयव्हीचे डॉ. कल्याण बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं, की पुण्यातल्या अशा दात्यांमध्ये एचआयव्हीची साथ आहे. त्याच वर्षी हिपॅटायटिस सी चा विषाणू पहिल्यांदा ओळखला गेला. (नोबेल मात्र 2020 ला!) 1995 मध्ये डॉ. विद्या अरणकल्ले आणि सहकाऱ्यांचा पश्चिम भारतातल्या प्लाझ्मादात्यांवरचा पेपर आला. बहुतेकांत सी च्या अँटिबॉडीज! वाट तीच, बोभाटा फक्त एकाचा.

रक्तपेढीत एचआयव्हीची तपासणी सक्तीची झाली 1989 ला. सी ची? 2001 ला. चाचणी तर 1990 पासून होती. सुप्रीम कोर्टाच्या 1996 च्या निकालामुळे धंदेवाईक रक्तदान 1 जानेवारी 1998 पासून बंद झालं, तेवढाच काय तो मधला दिलासा.

दोन्ही विषाणू एकाच अंगात असले की यकृत फार लवकर निकामी होतं. 2004 पासून एचआयव्हीची औषधं सरकारकडून फुकट मिळू लागली, पण त्यातलं नेव्हिरापिन स्वतःच यकृताला जड. आणि सी वर तेव्हा इंटरफेरॉन, म्हणजे बऱ्याचदा 48 आठवडे इंजेक्शनं आणि लाखांत खर्च. आज 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरातले 95 बरे होतात. 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहे. फक्त तपासायला जायला हवं, कारण सी वीस-वीस वर्षं गप्प बसतो.

हे सगळं रविवारी आईला सांगत होतो. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "अरे, तुझ्या वेळी मला दोन बाटल्या चढवल्या होत्या की."

माझा जन्म 1997 चा. मी सोमवारची सुट्टी टाकलीय.