अकरा पायऱ्यांचा इतिहास

मराठी माणसाला इतिहासाचे फार प्रेम, असे म्हणतात. ते खरे असावे. कारण घरातली एखादी वस्तू मोडकळीला आली की आपण तिला 'ऐतिहासिक' म्हणतो आणि दुरुस्तीचा खर्च पुढे ढकलतो. आमच्या कामठ्याच्या घरातला लाकडी जिना या न्यायाने गेली तीस वर्षे तरी ऐतिहासिक होता.

कामठा म्हटले की ऐकणारा ताबडतोब म्हणतो, "हां हां, नागपूरजवळचं." ते कामठी! कामठी ही इंग्रजांनी १८२१ साली वसवलेली छावणी. आमचे कामठा गोंदियाजवळचे, आणि मानाने वडील. १८१८ साली आप्पासाहेब भोसल्यांचे राज्य डळमळत असताना कामठ्याचे जमीनदार चिमणा पटेल कंपनी सरकारविरुद्ध उठले होते. कंपनीने फौज पाठवून तो उठाव मोडला. तेव्हा कामठीत छावणीचा तंबूसुद्धा ठोकलेला नव्हता. हे सगळे मी समोरच्याला सविस्तर सांगतो. तो शांतपणे ऐकतो आणि विचारतो, "मग कामठी स्टेशनलाच उतरायचं ना?"

असो. जिन्याकडे वळू या. वळू या म्हणजे बोलण्यापुरते, कारण तो जिना कुठेच वळत नव्हता. ओसरीतून सुटला की सरळ माडीवर. अकरा चढ, प्रत्येक अकरा इंच उंच. आणि पाऊल ठेवायला जागा सात इंच. म्हणजे चढताना पुढच्या पायरीला गुडघा लागायचा आणि उतरताना टाच तेवढी घरात, बाकीचे पाऊल हवेत. धरायला एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला वरून सोडलेला दोर. वरच्या टोकाला तुळई इतकी खाली, की माडीवर जाणारा प्रत्येक जण आपोआप नम्र होई. दोन जावयांची ओळख आमच्या घराला या तुळईनेच करून दिली.

आपले पूर्वज जिने असे का बांधत? त्यांना काय आरामाचे वावडे होते? तर तसे नाही. 'जिना' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. त्याला आपला जुना शब्द 'दादर'. मुंबईच्या दादरचे नावही त्यावरूनच पडले असे सांगतात. (तिथला जिना रेल्वेच्या पुलाचा, आणि गर्दीच्या वेळी आमच्यापेक्षा अवघड.) जुन्या वाड्यांतले जिने मुद्दाम अरुंद ठेवलेले असत. कित्येक तर भिंतीच्या जाडीतच दडवलेले. एका वेळी एकच माणूस चढावा, तोही वाकून. आणि वर फळीची झडप. रात्री ती पाडून वर कडी लावली की खालचा चोर खाली आणि वरचा धनी वर. हा जिना पाहुण्याला वर नेण्यापेक्षा नको त्याला खाली ठेवण्यासाठी बांधलेला असे.

दुसरे कारण जागेचे. चढ सौम्य करायचा तर जिना लांब करावा लागतो. आमच्या भागात घर म्हणजे आधी धानाचे आणि मग माणसांचे. ओसरीतली दहा फूट जागा पायऱ्यांना दिली, तर धानाची पोती कुठे ठेवायची? तेव्हा जिन्याने उभे राहावे आणि पोत्यांनी आडवे, अशी वाटणी झाली.

सतराव्या शतकात फ्रान्समध्ये ब्लाँदेल नावाच्या एका वास्तुशास्त्रज्ञाने हिशेब मांडला, की पायरीच्या उंचीची दुप्पट अधिक तिची रुंदी म्हणजे माणसाचे एक सहज पाऊल. आजच्या मापात ते साधारण ६० ते ६५ सेंटिमीटर धरतात. आमच्या जिन्याचे ७४ भरले! आपली राष्ट्रीय बांधकाम संहिता घरातल्या पायरीला जास्तीत जास्त १९ सेंटिमीटर उंची आणि कमीत कमी २५ सेंटिमीटर रुंदी सांगते. ते वाचल्यावर आमचा जिना हा जिना नसून पायऱ्यांचे सोंग घेतलेली शिडी आहे, हे सिद्ध झाले.

ही मोजमापे काढायची वेळ आली ती काकूमुळे. काकूचे वय ८२. लग्न होऊन आली तेव्हापासून माडीवरची खोली तिची. तिथे तिची ट्रंक, तिचे देव आणि तिची खिडकी. खिडकीतून तलाव दिसतो. हे आमच्याकडचे माजी मालगुजारी तलाव. सरकारी कागदांत त्यांचे 'मामा तलाव' झाले. पावसाळ्यात तलाव किती भरला याची बातमी घरात काकूच्या खिडकीतून येते. आता तिचे गुडघे बोलू लागले होते, आणि ती अधूनमधून पाचव्या पायरीवर बसलेली सापडू लागली होती.

मग घरात परिषद भरली. थोरल्या भावाचे मत, जिना काढून टाका आणि सिमेंटचा घाला. लाकूड पेट घेते. शनिवारवाडा नाही का १८२८ साली जळला? नागपूरचा भोसल्यांचा राजवाडा १८६४ साली? मी म्हटले, लाकूड टिकतेही. मुंबईच्या गोदीत १८१७ साली सागवानाचे 'ट्रिंकोमाली' जहाज बांधले, ते इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून पाण्यावर आहे. भाऊ म्हणाला, "त्या जहाजावर काकूला चढवून दाखव." पुतण्याला लोखंडी गोल जिना हवा होता. वहिनी म्हणाल्या, एवढे कशाला, काकूंची खाट खाली आणू या आणि माडीला कुलूप लावू या. सगळ्यात स्वस्त उपाय हाच होता. त्यावर कोणी काही बोलेना.

काकू पाचव्या पायरीवरून ऐकत होती. म्हणाली, "जिन्यानं मले कधी पाडलं नाई. तुमी बोलनं बंद करा, अन् दोन्ही अंगानं धरायले काई तरी लावा."

एवढे अभ्यास करून आमच्यापैकी कोणालाही जे सुचले नव्हते, ते हे. वाढई आला, त्याने आधी तेच केले. दोन्ही बाजूंना मुठीत मावेल असा गोल कठडा, आणि खाली-वर दोन्हीकडून लागणारा दिवा. मग चढ. तो सौम्य करायचा तर नवे सागवान हवे. आणि आमच्या जिल्ह्यातल्या नवेगाव-नागझिऱ्याच्या रानात २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प, म्हणजे तिथले झाड मागायचे तर वाघाकडे अर्ज करावा लागणार! वाढयाने जुनेच लाकूड उलटेपालटे केले. अकरा चढांचे चौदा केले, म्हणजे प्रत्येकी अकरा इंचांचे पावणेनऊच्या आत आले. सहा चढांनंतर एक चौक काढून जिना काटकोनात वळवला. पायऱ्यांना पुढून दोन-दोन इंचांची बिज्याची पट्टी जोडून त्या नऊ इंच रुंद केल्या, आणि सगळ्याला जवसाचे तेल पाजले. संहितेत तो अजूनही बसत नाही. ओसरीत मात्र बसला, आणि पोतीही फारशी हलली नाहीत.

काकूला त्या चौकात एक पाट ठेवला आहे. ती तिथे दम खाते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करते. त्यामुळे आता माडीवर जायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो.

जुन्या दहा फळ्या मधोमध झिजून खोल झाल्या होत्या. वाढयाने त्या पालथ्या घातल्या. खालची बाजू कोरी होती, ती वर आली. परवा जिन्याखालून पायली काढायला मी वाकलो आणि सहज वर पाहिले. दहाही फळ्यांवर पावलांचे खळगे जसेच्या तसे होते. वरून काकू उतरत होती. पायऱ्या मोजत होती, मोठ्याने. चौदा होईपर्यंत मी तसाच वाकून राहिलो.