दुधाचा पापुद्रा आणि वर्ध्याचा हिशेब

दुधातल्या प्रथिनापासून खाद्यपदार्थ गुंडाळायचा, मातीत कुजून जाणारा पापुद्रा करायचा, ही कल्पना आज नवी वाटते. पण तिची मुळं शंभर वर्षांहून जुनी आहेत. आज आपण ती वर्ध्यातून पाहू.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत केसीनवर फॉर्मल्डिहाइडची प्रक्रिया करून ‘गॅलॅलिथ’ हा कडक पदार्थ निघाला. त्याची बटणं, कंगवे झाले. 1930 च्या दशकात इटलीनं केसीनचा धागा काढला, ‘लॅनिताल’. कच्चा माल मुख्यतः एकच: साय काढून उरलेलं दूध. पुढं खनिज तेलाचं प्लॅस्टिक स्वस्त पडलं आणि केसीन मागं पडलं.

त्याच काळात वर्ध्यात काय चाललं होतं? 1934 साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. मगनवाडीतून जे. सी. कुमारप्पा त्याचं काम बघत. 1941 मध्ये जमनालाल बजाजांनी गोसेवा संघाचं काम हाती घेतलं. आर्वी-कारंजा पट्टा म्हणजे गवळाऊ गाईंचा. कुमारप्पांचा आग्रह असा, की जमिनीनं आधी माणसाचं पोट भरावं, कारखान्याचा माल नंतर.

आता 2016 कडं येऊ. अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधकांनी केसीनचा पापुद्रा मांडला. ऑक्सिजन अडवण्यात तो प्लॅस्टिकपेक्षा 500 पटींपर्यंत सरस असल्याचं त्यांनी सांगितलं. कृती सोपी वाटते: केसीन पाण्यात मिसळायचं, लवचीकपणासाठी ग्लिसरीन घालायचं, पातळ थर पसरून वाळवायचा. दमटपणात मात्र तो टिकत नाही. त्यांनी पेक्टिन घालून तो सुधारला, तरी बाहेरून दुसरं वेष्टन लागतंच. आपल्या पावसाळ्यात तर लागणारच.

इथं कुमारप्पांचा हिशेब लावून बघा. एक लिटर गाईच्या दुधात केसीन साधारण 25 ग्रॅम. म्हणजे किलोभर केसीनला चाळीस लिटर दूध! युरोपात साय काढलेलं दूध उरत होतं. आपल्याकडं ताक घरात पितात, शेजारी वाटतात. पनीरच्या निवळीत प्रथिन अगदी थोडंच राहतं. मग उरतं काय?

23 मार्च 2018 ला राज्यात प्लॅस्टिकबंदी आली, तेव्हा पर्यायांचा शोध सुरू झाला. दुधाचा पापुद्रा त्यात बसतो, पण मोजक्या जागी: जिथं हवेनं माल खराब होतो तिथं, कागदावरच्या आतल्या लेपासारखा. बाकी कामाला विदर्भाकडं पळसाच्या पानांचे द्रोण-पत्रावळी होत्याच. कुठलाही पर्याय पुढं आला, की तो कुणाच्या ताटातून येतो, हे आपण आधी विचारलं पाहिजे.