धारेची विद्या

इतिहासाच्या व्याख्यानांत तलवारीला मानाचे पान मिळते. चाकूची कोणी दखल घेत नाही. वस्तुतः लिहिणाऱ्या माणसाचे हत्यार चाकू हेच होते. बोरूचे टोक झिजले की ते पुन्हा तासावे लागे. अशा चाकूला फारसीत ‘कलमतराश’ म्हणत. इंग्रजीतही खिशातल्या लहान चाकूला पिसाच्या लेखणीवरूनच नाव पडले. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात लेखनक्रिया सांगताना समर्थांनी बरू कसे निवडावेत तेही सांगितले आहे. बोथट पात्याने बरू चिरफाळतो. तेव्हा अक्षराइतकीच धारेचीही चिंता लेखकाला वाहावी लागे.

ही धार हाताने कशी येते? दगडाचे कण पोलादापेक्षा कठीण हवेत, हे पहिले सूत्र. पाते दगडावर किती उभे धरावे, हे दुसरे. काटकोनाचा अर्धा करावा, त्याचा पुन्हा अर्धा करावा आणि पाते त्याहून किंचित निजते ठेवावे. म्हणजे सुमारे 20 अंशांचा कोन होतो. तो ढळू न देणे यातच बरीचशी विद्या आहे. एक बाजू घासत गेले की दुसऱ्या बाजूला धातूची बारीक कोर उभी राहते. ती बोटाला जाणवली म्हणजे बाजू पालटावी. मग बारीक कणांचा दगड घ्यावा आणि शेवटी पाते चामड्यावर उलटे ओढावे.

आपल्याकडे ही विद्या शिकलगारांनी सांभाळली. कुरुंदाची पूड लाखेत कालवून ते चाक बनवीत आणि पट्टा ओढून फिरवीत. काठिण्याच्या मापात हिरा 10, तर कुरुंद 9. पोलाद त्यापुढे टिकत नाही. पुढे 1878 च्या शस्त्रांच्या कायद्याने तलवार परवान्याखाली आली. तिच्यावर पोट असलेल्या शिकलगाराला मग विळी, कातर आणि चाकू यांवरच गुजराण करावी लागली.

चाकूंसाठी जगभर नावाजलेल्या इंग्लंडातील शेफील्ड शहरी कारागीर वालुकाश्माच्या मोठ्या चाकांवर पाती घासत. त्या दगडाची धूळ फुप्फुसांत साचे. 1845 साली एंगल्सने तेथील वैद्याच्या आधारे लिहिले की, कोरड्या चाकावर काम करणाऱ्याचे सरासरी आयुष्य जेमतेम 35 वर्षे आणि ओल्या चाकावरच्याचे क्वचितच 45 च्या पुढे. दोहोंत अंतर होते ते धूळ दाबून ठेवणाऱ्या पाण्याचे! एकेका चकचकीत पात्यामागे केवढी किंमत मोजली जात होती, हे आपण विसरता कामा नये.

1891 साली अमेरिकेत अ‍ॅचिसन याने चिकणमाती व कोक विजेने तापविले, तेव्हा त्याला कठीण, चकाकणारे स्फटिक मिळाले. कार्बन आणि कुरुंद यांचा हा संयोग असावा असे समजून त्याने त्याचे नाव ‘कार्बोरंडम’ ठेवले. तो समज चुकीचा होता. पदार्थ निघाला सिलिकॉन कार्बाइड. नाव मात्र टिकले, आणि त्यात दक्षिण भारतातला तमिळ ‘कुरुंदम’ हा शब्द दडून राहिला. पुढे 1954 साली मद्रासेस याच नावाचा कारखाना निघाला. परदेशी गेलेला शब्द असा घरी परतला. एकसारख्या कणांचा स्वस्त दगड घरोघरी येऊ शकला, तो अशा शोधांमुळे.

दगड सुधारला, तरी कोन धरणारा हात विकत मिळत नाही. तो सरावानेच तयार होतो आणि जाणत्याशेजारी बसून लवकर तयार होतो. म्हणून आम्हांस दोन गोष्टी सुचवावयाच्या आहेत. मुलाच्या हाती चाकू देताना दगडही द्यावा, आणि तो ओला ठेवावयास शिकवावे. दुसरी गोष्ट अशी की, दारावर धारवाला आला तर घासाघीस करण्याआधी त्याचा हात क्षणभर पाहावा. कुरुंदाची विद्या जगाला ठाऊक होण्यापूर्वी ती त्याच्या पूर्वजांच्या हातांत होती.