जुन्नर कुणाच्या वाट्याला? १६३६ चा तह आणि दोन सत्तांची दोस्ती

दोन सत्ता एकत्र येऊन म्हणतात, "आपला शत्रू एकच आहे, मिळून त्याचा बंदोबस्त करू." अशा वेळी फायदा कुणाला होतो आणि किंमत कोण मोजतं? दहशतवादविरोधी करारांच्या बातम्या ऐकताना हा प्रश्न माझ्या मनात येतोच. त्याचा एक जुना आणि जवळचा नमुना आपल्या जुन्नरमध्येच आहे, म्हणून आजचा भाग त्यावर.

१६३३ मध्ये दौलताबाद पडलं आणि निजामशहा ग्वाल्हेरच्या कैदेत गेला. दिल्लीच्या लेखी निजामशाही संपली. पण शहाजीराजांनी पेमगिरीवर मुर्तझा नावाच्या लहान मुलाला गादीवर बसवलं आणि त्याच्या नावाने कारभार सुरू केला. जुन्नर, जीवधन, हरिश्चंद्रगड, त्र्यंबक असा डोंगरी पट्टा त्यांच्या हातात होता. विजापूरच्या आदिलशाहीची त्यांना मदत होती. तिचा हिशोब सरळ होता: आपल्या आणि मोगलांच्या मध्ये कुणीतरी उभं असलेलं बरं.

शहाजहानला हे चालणार नव्हतं. १६३६ च्या सुरुवातीला तो स्वतः दौलताबादला येऊन बसला. त्याच्या फौजा आदिलशाहीत घुसल्या आणि शायिस्ताखान जुन्नर-संगमनेरच्या बाजूला निघाला. विजापूरकरांनी राजधानीभोवतीचा मुलूख स्वतःच उजाड केला, म्हणजे मोगलांना दाणापाणी मिळू नये. हे फार दिवस दोघांनाही परवडणारं नव्हतं. मे १६३६ मध्ये तह झाला.

आता कलमं बघा. विजापूरने बादशहाचं वर्चस्व मान्य करायचं आणि २० लाख रुपये द्यायचे. निजामशाहीचा मुलूख दोघांनी वाटून घ्यायचा. त्यातले ५० परगणे विजापूरला, वर्षाला सुमारे ८० लाख रुपये उत्पन्नाचे. पुणे आणि उत्तर कोकण त्यातच आलं. जुन्नर मोगलांकडे. ढोबळमानाने भीमेच्या उत्तरेला मोगल आणि दक्षिणेला विजापूर. आज मंचरहून पुण्याला येणारी एसटी राजगुरुनगरला भीमेवरचा पूल ओलांडते ना, त्याच्या आसपास तेव्हा दोन राज्यांची हद्द आली. आंबेगावचा घोड नदीचा पट्टा अलीकडे, पुणे पलीकडे.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते शहाजीराजांबद्दलचं कलम. जुन्नर, त्र्यंबक आणि हातातले इतर किल्ले मोगलांना दिल्याशिवाय विजापूरने त्यांना चाकरीत घ्यायचं नाही. ते ऐकले नाहीत तर त्यांना आपल्या हद्दीत पाऊल ठेवू द्यायचं नाही. म्हणजे आजच्या भाषेत 'आश्रय देणार नाही' ही हमी. मग मोगलांचा खानजमान आणि विजापूरचा रणदुल्लाखान दोघे मिळून त्यांच्या मागावर निघाले. काल मदत करणारे आज पाठलाग करत होते. माहुलीच्या किल्ल्यावर वेढा पडला, ऑक्टोबरमध्ये राजांनी किल्ले दिले आणि लहानगा मुर्तझा मोगलांच्या हाती गेला.

विजापूरला फायदा झाला का? झाला, आणि भरपूर झाला. उत्तरेची काळजी वीस वर्षं मिटली. फौजा दक्षिणेकडे मोकळ्या झाल्या: इक्केरी, बंगळूर, पुढे जिंजी. शहाजीराजांसारखा सरदार चाकरीत आला आणि कर्नाटकात कामी आला. गोल घुमट उभा राहिला तो याच मुहम्मद आदिलशहाच्या कारकिर्दीत. तह करणाऱ्यांना मूर्ख म्हणणं सोपं आहे, पण १६३६ मध्ये त्यांच्यापुढे याहून बरा पर्याय कोणता होता, हे मला तरी दिसत नाही.

किंमत मात्र सावकाश वसूल झाली. मधली भिंत गेली होती आणि शत्रू कोण हे ठरवायचा हक्क दिल्लीला दिलेला होता. १६५६ मध्ये मुहम्मद आदिलशहा वारला. औरंगजेब म्हणाला, गादीवर बसलेला अली हा खरा वारसच नव्हे, आणि त्याने स्वारी केली. बीदर गेलं, कल्याणी गेली. तहाची हमी देणाऱ्यानेच तह मोडला आणि दाद मागायला वर कुणी नव्हतं.

आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला, ते तरी साधलं का? भोसल्यांना जुन्नरमधून हटवलं खरं, पण पुण्याची जहागीर विजापूरच्या हद्दीत त्यांच्याकडेच राहिली. दोन राज्यांच्या बरोबर सांध्यावर. ३० एप्रिल १६५७ च्या रात्री शिवाजीराजांची माणसं दोराच्या शिड्यांनी जुन्नरच्या तटावर चढली आणि ३ लाख होन व २०० घोडे घेऊन गेली. १६६० मध्ये एकाच वेळी सिद्दी जौहर पन्हाळ्याला आणि शायिस्ताखान पुण्यात, तरी राजे हाती लागले नाहीत. सप्टेंबर १६८६ मध्ये विजापूर मोगलांनी गिळलं. तहाला तेव्हा पन्नास वर्षं झाली होती.

आजच्या काळाकडे येतो. इथे मी माणसांची तुलना करत नाहीये, फक्त कराराच्या रचनेची करतोय. २६/११ नंतर अमेरिकेच्या मदतीने भारताला हेडलीची माहिती मिळाली. जून २०१० मध्ये आपल्या तपास अधिकाऱ्यांनी शिकागोत त्याची चौकशी केली, २०१६ मध्ये त्याने मुंबईच्या कोर्टात व्हिडिओवरून साक्ष दिली. हा खरा फायदा आहे. पण त्याला भारताच्या ताब्यात द्यायचं नाही, हे अमेरिकेच्या सरकारी वकिलांनी त्याच्याशी केलेल्या समझोत्यातच ठरलं होतं. राणा भारतात आला तो एप्रिल २०२५ मध्ये. दोस्ती खरी, पण कुलपाची किल्ली मोठ्या भिडूच्या खिशात.

म्हणून माझं मत असं, की अशी दोस्ती करावी, पण फायदा मोजताना दोन गोष्टी आधी विचाराव्यात. उद्या शत्रूची व्याख्या बदलली तर ती कोण बदलणार? आणि समोरच्याने शब्द मोडला तर आपल्या हातात काय उरतं? विजापूरकडे दोन्हींचं उत्तर नव्हतं. आणि एक गोष्ट राहिलीच. १६३० चा भीषण दुष्काळ नुकता सोसलेल्या जुन्नर-आंबेगावच्या रयतेला या वाटणीत कुणी काही विचारलं नव्हतं. मुलूख त्यांचा, सौदा दुसऱ्यांचा.

आज इथेच थांबतो. शिवनेरीला जाल तेव्हा वरून समोरचं जुन्नर बघा आणि हा तह आठवा. भेटू पुढच्या भागात.